उरलेला वेळ भागिले ४०: इंजिनाचं घड्याळ नेमकं कुठे चुकतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं तुमचं बुद्धिबळ इंजिन डोंबिवलीच्या घरातल्या लॅपटॉपवरून लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर बॉट म्हणून खेळतं. प्रत्येक चालीला ते 'उरलेला वेळ भागिले ४०' एवढा वेळ घेतं. ३ मिनिटं अधिक २ सेकंदांच्या डावात (३ मिनिटं सुरुवातीला आणि दर चालीनंतर २ सेकंदांचं इन्क्रिमेंट, म्हणजे जमा होणारा जादा वेळ) साठाव्या चालीच्या सुमारास मात होते, तेव्हा घड्याळात दीड-पावणेदोन मिनिटं तशीच पडून असतात. मध्येच एखाद्या चालीला मात्र २० सेकंद जातात. आणि १ मिनिटाच्या, इन्क्रिमेंट नसलेल्या डावात हातात आलेला डाव वेळ संपून जातो. मग मोठी इंजिनं चालीचा वेळ ठरवतात तरी कसा?

४० च्या जागी कुठला आकडा टाकू, असा तुमचा रोख दिसतो. आकडा बदलून थोडं सुधारेलही, पण इथे तीन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळले आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. आधी ते सुटे करू.

पहिला दोष, वेळ पडून राहण्याचा. रोज सकाळी पाकिटात जे असेल त्याचा चाळिसावा भाग खर्च करायचा असं ठरवलं, तर पैसे कधीच संपणार नाहीत. पण महिनाअखेरीला भरपूर उरतील आणि त्यांचा उपयोग काहीच झालेला नसेल. तुमच्या डावात त्यावर दर चालीला २ सेकंद वरून जमा होतात, आणि ते तुमच्या सूत्रात कुठेच नाहीत. हिशोब करा: सुरुवातीला १८० सेकंद, म्हणजे चालीला साडेचार सेकंद. घड्याळ ८० सेकंदांवर आलं की चाळिसावा भाग बरोबर २ सेकंद होतो. जेवढं खर्च तेवढंच जमा, म्हणून ८० च्या खाली घड्याळ उतरतच नाही. चाळिसाव्या चालीला साधारण ११६ सेकंद उरतात आणि साठाव्या चालीला १०२. तुम्ही सांगितलेली पावणेदोन मिनिटं ती हीच. इंजिन यात कुठेही बिघडलेलं नाही, सूत्र सांगतं तेच ते करतंय.

दुसरा दोष २० सेकंदांचा. तुमचं इंजिन आधी डेप्थ १, मग २, मग ३ असं क्रमाने खोल जातं (डेप्थ म्हणजे किती चाली पुढपर्यंत बघायचं ते) आणि प्रत्येक डेप्थ पूर्ण झाल्यावरच घड्याळ बघतं, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. समजा, डेप्थ ८ संपली तेव्हा ४.४ सेकंद झाले होते. मर्यादा ४.५. अजून वेळ आहे म्हणून इंजिनाने डेप्थ ९ सुरू केली. तुमचं प्रूनिंग, म्हणजे निरुपयोगी चाली न तपासता छाटणं, अजून प्राथमिक असेल, तर प्रत्येक डेप्थला एकूण वेळ चार-साडेचार पटीने वाढतो. म्हणजे डेप्थ ९ संपेपर्यंत १८ ते २० सेकंद. चांगल्या इंजिनांत ही पट दोनच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, त्यामुळे तिथे ही चूक एवढी डोळ्यांत भरत नाही. पण असते तिथेही.

तिसरा दोष वेळ संपून हरण्याचा. टक्केवारीने खर्च केला तर घड्याळ शून्यावर जायलाच नको, मग ते जातं कसं? टक्केवारीत न बसणाऱ्या ठरावीक खर्चामुळे. लिचेसचे सर्व्हर युरोपात आहेत. मुंबईहून तिथे जाऊन-येऊन, वर बॉटचा प्रोग्रॅम आणि तुमच्या घरचं वाय-फाय धरून, दर चालीला १५० मिलिसेकंद वाटेत जातात असं समजू. घड्याळात ३ सेकंद उरले असताना तुमचं सूत्र विचाराला ७५ मिलिसेकंद देतं आणि प्रवासाला त्याच्या दुप्पट जातात. असे ३ सेकंद सोळा चालींत संपतात, आणि त्यातले जवळपास २.४ सेकंद नुसत्या वाटेत गेलेले असतात. सीएसएमटीची फास्ट किती वाजता सुटते एवढं माहीत असून भागत नाही. स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग आणि पुलावरची गर्दी धरूनच घरून निघावं लागतं.

आता उपाय. तुमच्या आताच्या एका मर्यादेऐवजी दोन हव्यात. एक सौम्य: ही दोन डेप्थच्या मध्ये तपासायची. ती ओलांडली की नवी डेप्थ सुरू करायची नाही. दुसरी कडक: ही डेप्थ चालू असतानाच तपासायची आणि ओलांडली की आहे तिथे शोध सोडून द्यायचा. स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनामध्येही 'ऑप्टिमम' आणि 'मॅक्सिमम' असे दोन आकडे असतात ते याचसाठी.

सौम्य मर्यादेसाठी सुरुवातीला हे सूत्र घ्या: उरलेला वेळ भागिले २०, अधिक इन्क्रिमेंटचा निम्मा भाग. तुमच्या ३ अधिक २ च्या डावात पहिल्या चालीला १० सेकंद मिळतात, चाळिसाव्या चालीला घड्याळात ४० च्या आसपास उरतात, साठाव्याला २७, आणि पुढे कितीही लांबलं तरी घड्याळ २० सेकंदांपाशी स्थिरावतं. २० म्हणजे डाव आणखी वीस चालींत संपेल असा अंदाज नव्हे. मिडलगेममध्ये सापडलेली चांगली चाल साठाव्या चालीच्या अचूकपणापेक्षा जास्त मोलाची असते, म्हणून आधी सढळ हाताने खर्च करायचा, एवढाच त्याचा अर्थ. ओपनिंग बुक, म्हणजे सुरुवातीच्या तयार चालींची यादी, वापरत असाल तर पहिल्या आठ-दहा चालींना वेळ लागत नाही आणि २० योग्य ठरतो. बुक नसेल तर २५ किंवा ३० करून बघा.

कडक मर्यादा सौम्य मर्यादेच्या तीन ते पाच पट ठेवा, पण उरलेल्या वेळाच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त कधीच नाही. नवी डेप्थ सुरू करायची की नाही, याला एक साधा नियम: तुमची वाढीची पट दोन असेल तर पुढची डेप्थ आतापर्यंत लागला तेवढाच वेळ आणखी खाणार, म्हणून सौम्य मर्यादेचा ५०-६० टक्के भाग संपला की थांबा. तुमची पट चार आहे तोवर २५-३० टक्क्यांवरच थांबायला हवं, नाहीतर दर वेळी अर्धवट डेप्थ हातात राहील.

१ मिनिटाच्या डावासाठी प्रवासखर्च आधीच बाजूला काढा. स्टॉकफिश पुढच्या सुमारे ५० चाली धरतं आणि त्या प्रत्येकीमागे 'मूव्ह ओव्हरहेड' या पर्यायात दिलेला वाटखर्चाचा वेळ वजा करूनच वाटप करतं. तुमच्याकडे १५० मिलिसेकंद गुणिले ५० म्हणजे साडेसात सेकंद होतात. ६० मधून ते काढून उरलेल्या ५२.५ चं वाटप करा; पहिल्या चालीला साधारण २.६ सेकंद येतील. घड्याळ साडेसातच्या खाली गेलं की विचार फक्त २० मिलिसेकंद. १७० मिलिसेकंदांना एक चाल याप्रमाणे त्या साडेसात सेकंदांत ४४ चाली निघतात, आणि हत्ती-राजाची मात द्यायला तेवढ्या पुरतात. इन्क्रिमेंट प्रवासखर्चापेक्षा मोठं असेल तर एवढी राखीव रक्कम लागत नाही. दोन-तीन चालींपुरती ठेवली की झालं. स्टॉकफिशमध्ये मूव्ह ओव्हरहेडचा मूळ आकडा १० मिलिसेकंद आहे. तो एकाच मशीनवर खेळणाऱ्या इंजिनांसाठी ठीक. घरच्या वाय-फायवरून युरोपाशी खेळताना तो जसाच्या तसा ठेवू नका.

एवढं केलं तरी इंजिन सगळ्या चालींना सारखंच वागवतं. खरी गंमत यापुढे आहे. इंजिनाला आधी कळत नाही की ही स्थिती अवघड आहे. विचार करता करताच ते कळतं. म्हणून सौम्य मर्यादा प्रत्येक डेप्थनंतर पुन्हा मोजायची, आणि ती मोजताना शोधातूनच मिळणाऱ्या तीन खुणा बघायच्या.

पहिली खूण, सर्वोत्तम चाल किती टिकली. डेप्थ ६ पासून ११ पर्यंत तीच चाल पहिली येत असेल तर मर्यादेला ०.७५ ने गुणा. शेवटच्याच डेप्थला चाल बदलली असेल तर १.३ किंवा १.४ ने. समोरच्याने उंट मारला आणि आपल्याला तो परत मारायचाच आहे, अशा चालींसाठी जुन्या इंजिनांत वेगळा नियम लिहिलेला असायचा. टिकाव मोजला की तो नियम आपोआप साधतो.

दुसरी खूण, मूल्यमापन, म्हणजे स्थिती किती चांगली आहे याचा प्याद्यांत मोजलेला आकडा, घसरतंय का. मागच्या डेप्थला अधिक ०.४० असलेला आकडा आता अधिक ०.०५ झाला, तर इंजिनाला काहीतरी वाईट दिसू लागलंय. ३० सेंटिपॉनच्या (प्याद्याच्या शंभराव्या भागाच्या) घसरणीला १.२ पट, ६० च्या पुढे १.५ पट, अशी पायरी लावा. आकडा वर गेला तर मात्र वेळ वाढवायची गरज नसते. चांगली बातमी थांबून ऐकली तरी चालते.

तिसरी खूण मला सगळ्यांत जास्त कामाची वाटते: एकूण नोडपैकी (नोड म्हणजे तपासलेली एकेक स्थिती) किती नोड सर्वोत्तम चालीवर खर्च झाले. बाकी सगळ्या चाली पटकन बाद होत असतील तर हा वाटा ०.९ च्या पुढे जातो. दुसरी एखादी चाल चिवटपणे टक्कर देत असेल तर तो ०.४ पर्यंत उतरतो. सूत्र साधं आहे: १.५ मधून हा वाटा वजा करा आणि १.३५ ने गुणा. वाटा ०.९ असेल तर ०.८१ पट येते, ०.४ असेल तर जवळपास १.५ पट. यासाठी रूटवरच्या, म्हणजे पटावरच्या आत्ताच्या स्थितीतल्या, प्रत्येक चालीला एक मोजणी ठेवावी लागते, बस. डेप्थ ७-८ च्या आत हे लावू नका, तिथले आकडे फार उड्या मारतात. तिन्ही गुणाकार झाल्यावर कडक मर्यादेच्या आत आहोत ना, हे बघायला विसरू नका.

आता कडक मर्यादेने शोध मध्येच तोडला तर हातात काय उरतं, हे नीट बघू, कारण बहुतेक जणांची चूक इथे होते. समजा, डेप्थ ११ ला सर्वोत्तम चाल 'घोडा ई५' होती, अधिक ०.४०. डेप्थ १२ मध्ये पहिल्यांदा तीच तपासायची. चालींचा क्रम लावताना ती अग्रभागी असलीच पाहिजे. ती पूर्ण तपासून झाली, ०.३५ आले. मग 'हत्ती डी१' तपासली, ०.५२ आले. तिसरी चाल चालू असताना वेळ संपला. अशा वेळी 'हत्ती डी१' खेळायची. ती अर्धवट डेप्थमधली असली तरी तिचं स्वतःचं उत्तर पूर्ण आहे आणि तिने जुन्या चालीला त्याच खोलीवर हरवलंय. 'अर्धवट डेप्थ फेकून द्या' हा सल्ला सुरक्षित खरा, पण तो असा वेळ वाया घालवतो.

उलट प्रसंग वाईट. डेप्थ १२ मध्ये 'घोडा ई५' चा आकडा एकदम उणे १.२० झाला आणि दुसरी चाल अजून तपासायचीच आहे. इथे वेळ संपला तर हरणारी चाल माहीत असूनही खेळावी लागेल. सौम्य आणि कडक मर्यादेमधलं अंतर याच प्रसंगासाठी राखून ठेवलेलं असतं. पहिली चाल अशी कोसळली की सौम्य मर्यादा बाजूला ठेवा आणि दुसरी चाल पूर्ण तपासून होईपर्यंत, किंवा कडक मर्यादा येईपर्यंत चालू द्या.

तोडलेल्या शोधातून परत येणारा आकडा कचरा असतो. तो हॅश टेबलमध्ये (आधी तपासलेल्या स्थितींच्या नोंदवहीत) लिहू नका आणि त्याची तुलना अल्फाशी, म्हणजे आतापर्यंत हमखास मिळालेल्या सर्वोत्तम आकड्याशी, करू नका. थांबण्याची खूण दिसताच चाल मागे घ्या आणि शून्य परत करा. वरच्या पातळीनेही परत आल्या आल्या आधी तीच खूण बघायची. हे विसरल्यावर होतं असं की इंजिन दहातले नऊ डाव नीट खेळतं आणि दहाव्यात वजीर देऊन टाकतं. मग बिचाऱ्या मूल्यमापनाच्या कोडमध्ये दोन रात्री शोधाशोध चालते.

घड्याळ किती वेळा बघायचं? प्रत्येक नोडला बघणं महाग पडतं. इंजिन सेकंदाला १० लाख नोड बघत असेल तर दर २,०४८ नोडला तपासणी म्हणजे साधारण २ मिलिसेकंदांना एकदा; पुरे. हेच इंजिन पायथनमध्ये असतं आणि सेकंदाला ५० हजार नोड बघत असतं, तर त्याच २,०४८ ला ४१ मिलिसेकंद लागले असते. तिथे हा आकडा १०० च्या आसपास आणा.

यापुढचे खड्डे लहान आहेत, पण डाव घालवायला पुरेसे. उरलेत ३०० मिलिसेकंद आणि इन्क्रिमेंट २ सेकंद: वरचं सूत्र सांगेल १,०१५ मिलिसेकंद विचार करा. पण इन्क्रिमेंट चाल झाल्यावर जमा होतं, आधी नाही. म्हणून शेवटी नेहमी 'उरलेला वेळ वजा प्रवासखर्च' याच्या आत आणा. यूसीआय या इंजिनाला आदेश द्यायच्या भाषेतलं 'मूव्हस्टूगो' (नवा वेळ मिळेपर्यंत उरलेल्या चाली) 'इतक्या चालींनंतर नवा वेळ' अशा, उदाहरणार्थ ४० चालींच्या, कंट्रोलमध्येच येतं. ते आलंच नाही तर त्याचं मूल्य शून्य धरून भागाकार होत नाही ना, ते तपासा. आणि ते १ असेल तेव्हा, पुढच्या चालीला नवा वेळ मिळणारच आहे म्हणून सगळं घड्याळ उधळू नका. त्याच्या दोन-तीन जास्त आकड्याने भागा.

वेळ मोजायला सी मधलं 'क्लॉक' फंक्शन वापरत असाल तर आजच काढा. लिनक्सवर ते प्रोसेसरचा वेळ मोजतं, त्यामुळे चार थ्रेड चालू केले की चौपट वेगाने पळतं आणि इंजिन चौथ्या हिश्श्यातच थांबतं. विंडोजवर तेच फंक्शन भिंतीवरच्या घड्याळासारखं चालतं, म्हणून तिथे दोष दिसतच नाही. सी प्लस प्लसमधलं 'स्टेडी क्लॉक' वापरा. सिस्टिमची तारीख-वेळ दाखवणारं घड्याळ नको. इंटरनेटवरून वेळ जुळवला गेला की ते मध्येच पुढे-मागे उडी मारतं. 'बेस्टमूव्ह' (निवडलेली चाल) छापल्यावर बफर फ्लश करा, म्हणजे साठलेला मजकूर लगेच बाहेर पाठवा, नाहीतर चाल सापडूनही तुमच्याच प्रोग्रॅममध्ये अडकून बसेल. हॅश टेबल पुसायचं काम 'यूसीआयन्यूगेम' (नवा डाव) हा आदेश आल्यावर करा, 'गो' (विचार सुरू करा) आल्यावर नको. १ जीबी पुसण्याचा वेळ तुमच्या घड्याळातून जातो. आणि मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेला लॅपटॉप तापला की नोडचा वेग खाली येतो, चार्जर काढला तर आणखी. म्हणून 'डेप्थ १२ ला इतका वेळ लागतो' असे आकडे कोडमध्ये पक्के करू नका. दर वेळी घड्याळालाच विचारा.

समोरच्याच्या वेळात विचार करणं, म्हणजे पाँडरिंग, तूर्तास बंद ठेवा. चालू कराल तेव्हा दोन गोष्टी पाळा: 'पाँडरहिट' (समोरच्याच्या चालीचा अंदाज खरा ठरला) किंवा 'स्टॉप' येईपर्यंत 'बेस्टमूव्ह' पाठवायची नाही, आणि अंदाज खरा ठरला तेव्हा सौम्य मर्यादेएवढा विचार आधीच झाला असेल तर ताबडतोब चाल द्यायची. लीला प्रकारच्या इंजिनांत डेप्थचे टप्पे नसतात. तिथे दुसऱ्या क्रमांकाची चाल उरलेल्या वेळात पहिलीला भेटींच्या संख्येत (ती किती वेळा तपासली गेली यात) गाठूच शकत नाही असं दिसलं की थांबतात. तुमच्या डेप्थवार शोधाला, म्हणजे अल्फा-बीटाला, ते लागू नाही.

बदल झाल्यावर तपासणी लिचेसवर करू नका, तिथे प्रतिस्पर्धी दर वेळी वेगळा. जुनं आणि नवं इंजिन एकमेकांशी क्यूटचेस-सीएलआय किंवा फास्टचेस या इंजिनांचे डाव लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खेळवा. स्टॉकफिशची चाचणी १० सेकंद अधिक ०.१ आणि ६० अधिक ०.६ या वेळांवर होते, तीच घ्या. डेप्थ किंवा नोड ठरवून दिलेल्या चाचणीत वेळेचे बदल दिसणारच नाहीत. एकाच वेळी कोअरच्या संख्येपेक्षा कमी डाव चालवा, नाहीतर डाव एकमेकांचा प्रोसेसर खातात आणि नसलेले दोष दिसतात. नंतर १ सेकंद अधिक ०.०१ वर हजारभर डाव सोडा. इथे कोण जिंकतं ते बघायचं नाही. एकही डाव वेळ संपून गेला तर कडक मर्यादेत किंवा शोध तोडण्याच्या कोडमध्ये भोक आहे. वेळ थोडा ओलांडला तरी चालवून घेणारा क्यूटचेसमधला 'टाइममार्जिन' पर्याय या चाचणीत वापरू नका, तो नेमकी हीच भोकं झाकतो.

कामाचा क्रम सांगायचा तर आधी कडक मर्यादा आणि शोध तोडणं, मग प्रवासखर्च, मग २० चं सूत्र, आणि हे तिन्ही स्थिर झाल्यावरच तीन खुणा, एकेक करून. प्रत्येक चालीला लॉगमध्ये पाच आकडे लिहा: 'गो' मध्ये आलेला वेळ, सौम्य मर्यादा, कडक मर्यादा, प्रत्यक्ष लागलेला वेळ आणि पूर्ण झालेली डेप्थ. पुढच्या 'गो' मध्ये आलेला वेळ तुमच्या अपेक्षेपेक्षा जेवढा कमी निघेल तेवढा तुमचा खरा प्रवासखर्च. मी १५० धरलाय. तुमच्या घरून तो ९० निघेल किंवा २४०, आणि संध्याकाळी सगळी बिल्डिंग इंटरनेटवर असते तेव्हा वेगळाच.